कुरड्या आणि आमच्या बकरीचे केस

आमच्या बकरीचे केस गळायला लागले तेव्हा आईने तेच केलं, जे ती माझ्या बाबतीत करते. खोबरेल तेलात जास्वंदीची फुलं कढवली, तेल कोमट होऊ दिलं, वाटीत घेतलं आणि बकरीची मान गुडघ्यांत धरून अंगणात बसली.

होळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळी गारवा असायचा आणि दुपारी उन्हात पाय ठेववत नसे. बकरी दिवसभर अंग घासायची. खांबाला, भिंतीला, नळाच्या पाईपला. जिथे घासेल तिथे केसांचा पुंजका चिकटून राहायचा. आई म्हणाली, "उष्णता झाली तिला." आमच्या घरात केस गळण्याची दोनच कारणं मानली जातात, उष्णता आणि जागरण. जागरण करणारी घरात मी एकटीच. त्यामुळे बकरीसाठी उष्णताच उरली.

आमचं घर म्हणजे हिंदी मुलखातल्या एका शहरात, नेहरू नगरमधलं सरकारी क्वार्टर. बाबा एका खात्यात पंप चालवतात. आईचं माहेर पांढुर्ण्याजवळ आहे, तिथून मामाने ही बकरी दिली होती, अगदी एवढीशी असताना. काळी, पोटाखाली तांबूस, कान लांब लोंबते. आईने तिला नाव ठेवलं नाही. ती तिला नुसतं "बाई" म्हणते. "बाई, सरक." "बाई, आज काय झालं, खात का नाहीस?" आई कमी बोलणारी आहे. मी कॉलेजला आणि बाबा कामावर गेले की दिवसभरात ती जे काही बोलते, त्यातलं बहुतेक या बकरीशी. हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं. घरी सुट्टीच्या दिवशी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत बसले की मागच्या दारातून ऐकू यायचं, आणि मला वाटायचं शेजारच्या काकू आल्यात.

पहिल्या वर्षी बकरी लहान होती, तिला थंडीचे असे दाट केस आलेच नव्हते. या हिवाळ्यात आले. डिसेंबरात मी तिच्या पाठीवर हात ठेवला की बोटं आत बुडायची. आईच्या माहेरी गाई-म्हशी होत्या, बकऱ्या नव्हत्या. त्यामुळे हे केस आले कशाला आणि जाणार कधी, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. गळायला लागल्यावर जे सुचलं ते केलं.

तेल लावलेली बकरी सुरुवातीला फार छान दिसली. चकचकीत. आई लांब उभी राहून बघत होती, मला लग्नाला जाताना तयार केल्यावर बघते तशी. मग बकरी चुलीच्या राखेत लोळली. मग उठली आणि कुंपणाकडे गेली.

आमचं आणि काकूंचं मागचं अंगण एकच आहे, मधे तारेचं कुंपण. काकू मूळच्या नागपूरच्या. काकांची बदली इकडे झाली तेव्हा आल्या आणि इथल्याच झाल्या. वयाने आईपेक्षा बऱ्याच मोठ्या. त्या दिवशी त्यांनी पाहुण्यांसाठी काढलेल्या पांढऱ्या चादरी धुऊन कुंपणावर वाळत घातल्या होत्या. बकरीने तेल, राख आणि गळके केस, सगळं मिळून आपलं अंग त्या चादरींना या टोकापासून त्या टोकापर्यंत घासलं. डोळे मिटून घासलं.

काकूंचा आवाज आधी आला. "बाप्पा! अवं, हे काय करून राहिली तुमची बकरी?"

आई तेलाची वाटी हातात घेऊनच बाहेर आली.

"तेल लावलं का तिले?" काकू म्हणाल्या. "बकरीले? आता वेणीही घाला. गजरा मी देते."

आईने चादरी धुऊन देते म्हणून सांगितलं. काकू चादरीवर चिकटलेला केस चिमटीत धरून उन्हात बघत होत्या. मग त्यांनी जे म्हटलं ते चिडून म्हटलं नाही, म्हणूनच जास्त लागलं. "चादरीचं जाऊ दे. कुरड्या आल्या आता. वाऱ्यावर हे असे केस उडत राहिले तर मी काय करू, तूच सांग."

इथे कुरड्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या ओळीतल्या क्वार्टरांत सात-आठ घरं मराठी आहेत आणि दरवर्षी सगळ्याजणी मिळून प्रत्येकीच्या घरच्या कुरड्या घालतात. सुरुवात काकूंच्या घरापासून होते. गहू भिजवणं, वाटणं, चीक गाळणं सगळं त्यांच्या नजरेखाली. त्यांच्या दोन्ही मुली नागपुरात दिल्या आहेत आणि कुरड्यांचे डबे तिकडे जातात. खूप वर्षांपूर्वी त्या डब्यातल्या एका कुरडईत मोठ्या मुलीच्या सासूला केस सापडला होता. ती बाई अजूनही प्रत्येक लग्नात, मुंजीत, पंगतीत बसल्यावर कुरडई उजेडात धरून बघते आणि मग खाते. काही बोलत नाही, फक्त बघते. काकूंनी हे आम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं.

म्हणून त्या म्हणाल्या, "कुरड्यांच्या आधी हिचे केस आटोक्यात आण. नाही जमलं तर भावाकडे पाठव. मले वाईट वाटते, पण सांगून ठेवते."

आई "बरं" म्हणाली. आत येऊन तिने कणीक मळायला घेतली आणि बराच वेळ मळत राहिली. त्या दिवशी पोळ्या फार मऊ झाल्या. बाबा म्हणाले, मामाकडे रान मोकळं आहे, बकरीला तिथे बरंच वाटेल. आई म्हणाली, "तिला वाटेल." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारली. आई आणि मी बकरीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. मला अशा ठिकाणी बोलायला संकोच वाटतो. कॉलेजच्या ऑफिसातसुद्धा मी खिडकीपाशी उभी राहून आधी मनात वाक्य जुळवते. आई तर हिंदी समजते पण बोलत नाही. शेवटी बकरीच आमच्यासाठी ओरडली.

डॉक्टरीणबाईंनी तिचे केस दोन्ही बाजूंना सारून कातडी बघितली. खपली नाही, पुरळ नाही, ऊ नाही. मग हात स्वतःच्या नाकाशी नेला.

"ये खुशबू किस चीज़ की है?"

मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं.

"जास्वंद," मी म्हणाले. मग घाईने म्हणाले, "गुड़हल. तेल में."

त्या इतक्या हसल्या की बाहेर कुत्रा घेऊन बसलेला माणूस आत डोकावला. "अरे, इसे कुछ नहीं हुआ. मौसम बदल गया, सर्दी का स्वेटर उतार रही है. आप लोग उसे रोक रहे हो." मग त्यांनी नीट समजावलं. एकदाच धुवा, उन्हात, तेल निघेपर्यंत. नंतर पाणी नको. कोरडंच विंचरायचं, रोज, मानेपासून मागे. सुटलेला केस घ्यायचा, अडलेला ओढायचा नाही. पोटाखाली कंगवा नको, तिथली कातडी पातळ असते, हातच फिरवायचा.

परत येताना आई रस्त्यात मधेच हसायला लागली. "स्वेटर," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

धुण्याचं वर्णन मी करत नाही. रिठे होते, ऊन होतं, दोन बादल्या पाणी होतं, आणि शेवटी मी आणि आई बकरीपेक्षा स्वच्छ झालो. कोपऱ्यातल्या क्वार्टरमधली नवी वहिनी आवाज ऐकून धावत आली होती, तिला वाटलं कुणाला तरी मारतायत. ती इंदूरची मराठी मुलगी, लग्न होऊन आमच्या ओळीत आलेली, आणि कुठल्याही गोष्टीला हसू शकते. ती कुंपणाला टेकून आईला म्हणाली, "काकू, ब्यूटी पार्लर खोल लिया क्या? माझाही नंबर लावा."

त्यानंतर रोज सकाळी कॉलेजच्या आधी खरारा. घोड्याला करतात तोच शब्द, बाबांनी सांगितला. नारळाच्या काथ्याचा एक ब्रश घरात होता, भांडी घासायला आणलेला पण वापरला नव्हता. त्याने आधी वरचे केस मोकळे करायचे. मग माझा जुना रुंद दातांचा कंगवा. सगळ्यात शेवटी आई तळहात किंचित ओला करून पाठीवरून फिरवायची, म्हणजे उडणारे बारीक केस हाताला चिकटायचे. जमलेले केस जुन्या उशीच्या खोळीत भरायचे आणि लगेच तोंड बांधायचं. वारा कुठून येतो ते आधी बघायचं. काकूंच्या बाजूने येत असेल तरच सुरुवात, म्हणजे केस उडाले तरी आपल्याकडे उडतील.

मला हे काम आवडेल असं वाटलं नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात बोटांना कळायला लागलं. वरचे केस जाड, सरळ, चमकणारे. त्यांच्याखाली दुसरे केस असतात, करड्या रंगाचे, इतके मऊ की हातात काही आहे असं वाटत नाही. तेच सुटत होते. कंगवा फिरवला की ते ढगासारखे वर यायचे आणि खालून नवी, काळीभोर, चमकदार बकरी निघायची. रोज थोडी थोडी. शेपटीच्या वर एक जागा होती, तिथे ब्रश लागला की ती मान लांब करायची, वरचा ओठ थरथरवायची आणि दात दाखवायची. आई तेवढ्यासाठी तिथे पुन्हा पुन्हा ब्रश फिरवायची. दोघी हसतायत असंच वाटायचं.

कॉलेजच्या बसमध्ये एका मैत्रिणीने माझ्या बाहीवरून केस उचलला. "तेरे घर बिल्ली है?" मी हो म्हणणार होते. घरी बकरी आहे हे मी वर्गात कधी कुणाला सांगितलं नव्हतं, का ते नीट सांगता येणार नाही. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "बकरी है. स्वेटर उतार रही है." तिने फोटो मागितला. उतरेपर्यंत तो फोटो अर्ध्या बसने बघितला होता, आणि कंडक्टरने विचारलं, दूध किती देते.

काकू रोज कुंपणापलीकडे असायच्या. तुळशीला पाणी घालायला, मग भांडी पालथी घालायला, मग काहीच न करायला.

"चार इमलीच्या बंगल्यांत साहेब लोकांची कुत्री विंचरतात, तसा थाट आहे हिचा," त्या एकदा म्हणाल्या.

आई म्हणाली, "हो ना ताई."

"माझ्या पोरींचे केस मी एवढे नाही विंचरले."

"तुमच्या पोरी उभ्या राहत नसतील."

काकूंना हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. माझी आई कुणाला असं उत्तर देते हे मी पहिल्यांदा ऐकलं. मग काकू म्हणाल्या, "लहानी तर बिलकूल नाही राहायची. पळायची कंगवा घेऊन."

मग हळूहळू सूचना यायला लागल्या. "अवं, मांडीवरचे राहिले ना. मागून, मागून." "पोरी, तू घाई करते. तुले कॉलेजची घाई आहे, बकरीले नाही." एकदा मी बरगडीच्या बाजूचा गुंता सोडवत होते तर त्यांचा हात तारेतून आत आला, बोटांनी हवेत दाखवत होता, असं, असं. बकरीने तो हात हुंगला. काकूंनी तो पटकन मागे घेतला आणि पदराला पुसला.

कुरड्यांचा दिवस जवळ आला. केस खूप कमी झाले होते, पण संपले नव्हते. आईने आदल्या सकाळी शेवटचं विंचरलं, अंगण झाडून पाणी शिंपडलं आणि मला सांगितलं, "उद्या तिच्याकडे कुणी जायचं नाही. चारा मी बाहेरून टाकते." करोंदच्या बाजारातून आणलेलं हरभऱ्याचं कुटार, म्हणजे भुसा, तिने रात्रीच्या आधीच गोठ्यात टाकून ठेवलं. सकाळी आम्ही दोघींनी न्हाऊन धुतलेले, कपाटात वेगळे ठेवलेले कपडे घातले. आईने डोक्याला फडकं बांधलं, मलाही बांधलं.

गच्ची आमची आणि काकूंची एकच. पलंगावर प्लास्टिक, त्यावर धुतलेलं पातळ. खाली काकूंच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात चीक शिजत होता आणि वर आणला तेव्हा त्याची वाफ सगळ्यांच्या तोंडावर येत होती. काकूंनी प्रत्येकीचे हात बघितले. आईच्या खांद्यावरून, पाठीवरून ओला तळहात फिरवला, आई बकरीच्या अंगावरून फिरवायची अगदी तसाच, आणि उजेडात धरून बघितला. काही नव्हतं.

"हो, चल," त्या म्हणाल्या.

सोऱ्या फिरायला लागला. पांढऱ्या गोल कुरड्या ओळीने पडत होत्या. बायका गप्पा मारत होत्या, कुणाच्या तरी सुनेच्या, कुणाच्या तरी मोलकरणीच्या. वहिनी गरम चीक मीठ-तिखट लावून खात होती आणि सगळ्याजणी तिला ओरडत होत्या आणि आपला हात पुढे करत होत्या. मी प्लास्टिकच्या कडेला विटा ठेवत होते. आई सोऱ्यात चीक भरत होती. मला वाटलं, झालं. आता काही होत नाही.

तेवढ्यात काकू वाकल्या. पातेल्यातल्या चिकावर काहीतरी होतं. त्यांनी नखाने उचललं.

सगळ्याजणी जवळ सरकल्या.

तो केस बोटभरही लांब नव्हता. माणसाचा नक्कीच नव्हता. तरी काकू मला म्हणाल्या, "तू रोज विंचरते. तूच सांग. बकरीचा का?"

त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. मला नाही म्हणायचं होतं. वहिनीच्या शालीचा आहे म्हणावं, मांजराचा आहे म्हणावं. आई माझ्याकडे बघतच नव्हती, ती सोऱ्याकडे बघत होती. पण तो करडा, हाताला जाणवतही नाही इतका मऊ केस मी इतक्या सकाळी बोटांत धरला होता की डोळे मिटूनही ओळखला असता.

"हो," मी म्हणाले. "तिचाच आहे."

आईने सोऱ्या खाली ठेवला. हात पुसले. "मी आजच भावाला फोन करते ताई," ती म्हणाली. "तो रविवारी येऊन घेऊन जाईल." आवाज नेहमीसारखाच होता. फक्त पुसलेले हात ती पुन्हा पुसत होती.

खरं म्हणजे काकूंनीच काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्या प्लास्टिकची न विस्कटलेली कड नीट करायला वळल्या.

त्या वळल्या आणि वहिनीने चीक खाता खाता म्हटलं, "काकू, ये क्या है?"

काकूंनी मोतिया रंगाची सुती साडी नेसली होती. पाठीपासून कंबरेपर्यंत आणि डाव्या बाजूला सगळीकडे केस होते. करडे, काळे, मऊ. जणू कुणीतरी त्यांच्यावर टेकून उभं राहिलं होतं.

"कुठे काय?" काकू म्हणाल्या, आणि मान वळवून आपली पाठ बघायचा प्रयत्न करत स्वतःभोवतीच फिरल्या. वहिनीने तिचा फोन काढून फोटोच काढला आणि त्यांच्या समोर धरला.

काकूंचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. मोठ्या मुलीच्या सासूसमोरसुद्धा त्या तशा दिसल्या नसतील.

"मी फक्त पाहाले गेली होती," त्या म्हणाल्या. "सकाळी. म्हटलं बांधली आहे ना नीट. आजचा दिवस आहे. तर ही," त्यांनी आईकडे बोट केलं, "हिने आज विंचरलंच नाही तिले! मांडीवर सारे मोकळे सुटलेले, लोंबून राहिले. मले पाहवेना. म्हटलं थोडंसं. तर ते ध्यान दात काढून हसून राहिलं, आणि मग अंगावर रेललं. चीक शिजत होता म्हणून सोडून आली, नाही तर..."

"नाही तर काय?" वहिनी म्हणाली. "वेणी घातली असती?"

पहिली हसली ती माझी आई. असं मोठ्याने, डोक्याचं फडकं सुटेपर्यंत. मग गच्ची सगळीच हसायला लागली. एक काकी हसता हसता कुरड्यांवर बसणार होती, तिला दोघींनी धरलं. काकू आधी रागावल्यासारख्या उभ्या होत्या, "हसा, हसा" म्हणाल्या, आणि मग त्याही खाली बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या.

वरचा चीक काढून टाकला. काकू खाली जाऊन साडी बदलून आल्या. वहिनीने त्यांना गच्चीच्या दारात थांबवलं, तळहात ओला केला आणि त्यांच्या पाठीवरून फिरवला. "उजेडात दाखव," काकू म्हणाल्या. दाखवला. मगच आत घेतलं.

सोऱ्या पुन्हा फिरायला लागल्यावर आईने हळूच विचारलं, "ताई, मग भावाला...?"

"कशाले?" काकू म्हणाल्या. त्या कुरडईचं टोक बोटाने जुळवत होत्या, वर बघितलंही नाही. "तिथे कोण विंचरणार तिले? रानात? काट्यांत सारे केस तुटतील."

ऊन चढलं तशी खालून बकरी ओरडायला लागली. सकाळपासून तिच्याकडे कुणी गेलं नव्हतं, म्हणजे आमच्यापैकी कुणी. मी कठड्यावरून वाकून बघितलं. ती गोठ्याच्या दारातून मान काढून वर बघत होती. डावी बाजू तुळतुळीत, आरशासारखी. उजवीकडे मांडीवर केसांचे झुपके तसेच लोंबत होते.

"काय म्हणते?" काकूंनी विचारलं.

"एक बाजू राहिली," मी म्हणाले. "मी करून येते, आता माझं इथलं झालं."

"जा," काकू म्हणाल्या. मग हातातला सोऱ्या आईकडे दिला, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि जिन्याकडे निघाल्या. "थांब पोरी. तू घाई करते. मी येते."

"काकू, साडी!" वहिनी मागून ओरडली.

"दुसरी आहे," काकू जिना उतरता उतरता म्हणाल्या.